हातातलं आणि हाताबाहेरचं : वाशी तालुक्यातल्या नवशिक्यांसाठी

साहित्य : एक शंभर पानी वही, एक पेन, गोणपाटाचा हातभर तुकडा आणि घरचं सोयाबीन. मनाला शिस्त लावायला लोक डोंगरात जाऊन दहा-दहा दिवस मौन पाळतात. आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही. मे महिन्याच्या शेवटी वाशी तालुक्यात कोरडवाहू रान घेऊन बसलं की झालं.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. उजवीकडे हाताबाहेरचं लिहा. ही बाजू भराभर भरते, आणि खरं सांगायचं तर मजेदारही असते. मान्सून केरळात कधी उतरतो, मृगाचं वाहन यंदा कोणतं, अल निनो, ब्राझीलचं पीक, शिकागोचा वायदा, इंडोनेशियाचं पाम तेल. चहाच्या टपरीवर यातल्या प्रत्येक विषयाचा किमान एक जाणकार सकाळी सातपासून हजर असतो. डावीकडे लिहायला बसलात की पेन थांबतं. आपल्या हातात असलेल्या गोष्टी इतक्या रटाळ असतात, की त्यांच्यावर टपरीवर कुणी चहासुद्धा पाजत नाही.

उदाहरणार्थ, उगवण तपासणी. घरच्या बियाण्यातले 100 दाणे निवड न करता मोजा. निवड न करता म्हणजे टपोरे वेचून नव्हे. स्वतःला फसवण्याचा मोह इथूनच सुरू होतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाच-सहा दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलोच्या हिशेबाने पेरा. कमी आले तर बियाणं वाढवा. फारच कमी आले तर बियाणं बदला. साधकाची कसोटी ही, की तिसऱ्या दिवशी गुंडाळी उघडून बघायची नाही.

त्यानंतरचा अभ्यास पोत्याचा. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोतं खांद्यावरून दाणकन आपटलं की आतला कोंब दुखावतो आणि दोष मात्र कंपनीला जातो. म्हणून पोतं हळू ठेवा, घरात भांडण झालेलं असलं तरी. बीजप्रक्रियाही हलक्या हाताने करायची: आधी बुरशीनाशक, शेवटी रायझोबियम, मग सावलीत वाळवण.

आता सगळ्यात अवघड आसन. पहिला पाऊस पडला, मातीचा वास सुटला, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पेरणीयंत्र लावून रानात शिरला. तुम्ही बांधावर बसून राहायचं. कृषी विभाग सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. शेजारी हात करेल, "काय वाट बघताव?" म्हणेल. घरातूनही विचारणा होईल. बसून राहा. यापुढचं कुठलंच ध्यान तुम्हाला जड जाणार नाही. ओल पुरली, वापसा आला, की तीन ते पाच सेंटिमीटर खोलीवर पेरा. त्याहून खोल गेलं की दाणा वर यायलाच तयार होत नाही.

इथवर आलात म्हणजे प्राथमिक अभ्यासक्रम संपला. पुढचे धडे सरकार घेतं.

30 मे 2025 रोजी, पेरणी तोंडावर असताना, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्के झालं. त्याच हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये जाहीर झाला. एक भाव कागदावर चढला, दुसरा बाजारात दबला. दोन्ही उजव्या बाजूला लिहा.

पीक नुकसान झालं की 72 तासांत विमा कंपनीला कळवायचं, ही शिस्त लोकांनी मोठ्या कष्टाने अंगी बाणवली होती. मोबाइलला रेंज शोधत माणसं चिखलातून फोटो पाठवायची. 2025 च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर बेतली. म्हणजे डाव्या बाजूची एक ओळ खोडून उजवीकडे घ्या. वहीत खाडाखोड होणारच.

मग त्याच वर्षीचा सप्टेंबर. भूम, परांडा, वाशी या कायम टँकरच्या यादीत असणाऱ्या भागात अतिवृष्टी झाली. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, कुठे शेंगांतच कोंब फुटले, कुठे पिकाबरोबर मातीही वाहून गेली. ज्याने 100 दाणे मोजले त्याचंही गेलं आणि ज्याने नाही मोजले त्याचंही.

अशा वेळी गावात एखादे वक्ते येतात. पांढरा सदरा, कॉलरला माइक. "परिस्थिती आपल्या हातात नसते, प्रतिसाद असतो," असं सांगतात. ते खोटं नाही. पण मला एक खटकतं: हा उपदेश नेहमी ज्याची डावी बाजू चार ओळींची आहे त्यालाच का दिला जातो? आयात शुल्क कुणाच्या तरी डाव्या बाजूला आहेच की. हमीभावाने खरेदीचं केंद्र कधी उघडायचं, बारदाना वेळेत पोचवायचा की नाही, हेही कुणाच्या तरी पूर्ण ताब्यात आहे. त्यांच्यासाठी शिबिर भरल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा प्रगत साधकांनी उजवी बाजू पुन्हा वाचून प्रत्येक ओळीपुढे ती नक्की कुणाच्या हातात आहे, हे लिहावं. पावसापुढे जागा कोरी सोडा. बाकीच्या बऱ्याच ओळींपुढे खात्याचं नाव लिहिता येतं, कार्यालयाचा पत्ताही. ग्रामसभेला जाताना वही बरोबर असू द्या, आणि पेन दोन घ्या; एक कुणीतरी सहीला मागून घेतं.