ठाकूरसाहेब

मारवाडातल्या जुन्या ठिकाण्यावर पाहुणे म्हणून गेलात, तर ठाकूरसाहेब आधी तुमचे कान बघतील. त्यात अपमान काही नाही. मारवाडी घोड्याचे कान आत वळून शेंड्याशी एकमेकांना भिडतात. ज्याचे भिडत नाहीत, अशा कुठल्याही प्राण्याची त्यांना कीव येते.

१९५२च्या कायद्यानं राजस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या. सारा थांबला, दाणावैरण परवडेना आणि ठिकठिकाणच्या पागा मातीमोलानं रिकाम्या झाल्या. ठाकूरसाहेबांच्या वडिलांनी घोड्यांऐवजी चांदीची ताटं विकली. आता मुलगा हवेलीच्या खोल्या पर्यटकांना देतो. आजोबांच्या पलंगावर फ्रेंच जोडपं झोपतं आणि ठाकूरसाहेब पागेला लागून असलेल्या खोलीत. तिथून घोडीचं फुरफुरणं ऐकू येतं म्हणे.

दिवाणखान्यात पूर्वजांच्या तसबिरी आहेत. "हे आमचे पणजोबा. का खापरपणजोबा? असो. ते बसलेत ना, ती घोडी बघा!" आणि मग त्या घोडीची आई, आजी, पणजी अशी उतरंड सुरू होते, ती जेवणाची ताटं वाढेपर्यंत. रेवाल चालीच्या घोडीवर बसलं तर हातातला पेला हिंदकळत नाही, हे सांगताना ते स्वतःच्या धोतरावर चहा सांडतात.

त्यांचा खरा अभ्यास भोवऱ्यांचा. घोड्याच्या गळ्यावरचा भोवरा म्हणजे देवमण. तो असला की बाकीचे दोष माफ. आपल्याकडे डोक्यावर दोन भोवरे दिसले की दोन लग्नं ठरवून लोक मोकळे होतात. ठाकूरसाहेब एवढ्यावर भागवत नाहीत. बँकेचे साहेब कर्जाचे कागद घेऊन आले आणि सही कुठे करायची ते दाखवायला वाकले. ठाकूरसाहेबांनी त्यांचा माथा न्याहाळला आणि पेनाला टोपण लावलं.

सारंगखेड्याच्या बाजारात मनासारखं जनावर मिळालं नाही, म्हणून पुण्याचे एक बिल्डर थेट ठिकाण्यावर आले. पंचकल्याणी घोडी त्यांच्या मनात भरली. त्यांनी आकडा सांगितला, तेव्हा म्हातारा मोतद्दार खरारा धरून जागीच थांबला.

"बांधणार कुठे?" ठाकूरसाहेबांनी विचारलं.

"मुळशीला. फार्महाऊस आहे."

"पाऊस?"

"भरपूर!" बिल्डर अभिमानानं म्हणाले.

"वाळूतली जात आहे, साहेब. चिखलात खूर नासतील. बसणार कोण?"

"मुलाचं लग्न आहे. वरात झाली की मग फोटोबिटोला..."

ठाकूरसाहेबांनी घोडीचं तोंड हळूच पलीकडे वळवलं. हे तिच्या कानावर पडायला नको होतं.

"घोडी नाही मिळायची," ते म्हणाले. पाहुणा एवढ्या लांबून आलेला, रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? मग जरा विचार करून म्हणाले, "हवेली घ्यायची असेल तर मुलाशी बोला."