दंतपिता

मुलीच्या दहावीचे पेढे वाटणारे बाप पुष्कळ असतात. दंतपिता पेढा हातावर ठेवतो आणि तुम्ही तो कुठल्या बाजूनं चावता ते बघत उभा राहतो. ही माहिती पाचेक वर्षांनी लागणार असते.

हा प्राणी दुर्मिळ. एरवी आपल्याकडे बीडीएस म्हणजे ठरवून गाठायचं गाव नव्हे, गाडी पुढे जात नाही म्हणून उतरायचं स्टेशन. 'डेंटलला घातलंय' म्हटलं की समोरचा आवाज बारीक करून विचारतो, "एमबीबीएस थोडक्यात हुकलं का हो?" त्यावर दंतपिता त्याहून बारीक आवाजात सांगतो, "हुकलं नाही. मागितलंच नाही." समोरच्याचा विश्वास बसत नाही. मुलगी फारच थोडक्यात हुकली असणार, असं तो घरी जाऊन बायकोला सांगतो.

दंतपित्याच्या काखेत कायम एक फाइल. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्यांच्या चार-चार झेरॉक्स. नीटचे १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला चार, चुकला तर एक वजा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. देशाचा १५ टक्के कोटा, राज्याचा ८५, खासगी कॉलेजातला संस्थेचा वेगळा. मुलीला विचारलं तर ती म्हणते, "बायोलॉजीचे नव्वद आहेत ना, मग झालं." तिचंही बरोबरच आहे म्हणा, निम्मा पेपर तोच.

पण प्राधान्यक्रम हा त्याचा खरा प्रांत. सीएसएमटीजवळचं मुंबईचं सरकारी, मुंबई सेंट्रलचं १९३३ सालापासूनचं नायर, मग नागपूर, मग छत्रपती संभाजीनगर, आणि खासगीची यादी त्यानंतर. लोक कॉलेजची इमारत बघतात, हॉस्टेलची मेस बघतात. हा ओपीडीची रांग बघतो. "पेशंट असले तर हात बसेल. संगमरवरी जिना बघून कुणाची दाढ निघत नाही." हे मात्र मला सोळा आणे पटतं. आता रांग मोजायची कशी? एका कॉलेजात त्यानं सकाळी दार उघडताच एक केसपेपर काढला, बाराच्या सुमाराला दुसरा काढला आणि नंबरातून नंबर वजा केला. या संशोधनाच्या नादात दुसऱ्या केसपेपरावर त्याचं नाव पुकारलं गेलं. "काका, आलाच आहात तर क्लीनिंग करून घ्या," म्हणत एका इंटर्न मुलीनं त्याला खुर्चीत आडवा केला. घरी येऊन त्यानं ते कॉलेज यादीत दोन घरं वर सरकवलं.

पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात, हे त्याला कुठूनसं कळलं होतं. त्यामुळे अकरावीपासून घरात साबण उरला नाही. कपड्यांच्या वडीत पटाशीचे दात, अंगाच्या वडीत सुळा. पाहुण्यांनी हात धुवायला साबण उचलावा तर त्याला वरच्या डाव्या दाढेची चार टोकं. मुलीचा हात मात्र खरोखरच बसला. पुढं लेक्रॉनचं कोरणं हातात आल्यावर वर्गात तिची पहिली दाढ सगळ्यांच्या आधी उभी राहिली, हे त्यानं वॉचमनलासुद्धा सांगितलं.

दुसऱ्या वर्षी काढलेले खरे दात जमवायचे असतात. ते फँटम हेडच्या, म्हणजे खोट्या डोक्याच्या, तोंडात बसवून त्यावर कोरण्या-भरण्याचा सराव. दंतपित्यानं गावातल्या दवाखान्यांना बाटल्या वाटल्या आणि महिन्याअखेरीला गोळा केल्या. फ्रीजमध्ये लोणच्याशेजारी त्यातली एक उभी दिसल्यावर काकूंनी पहिल्यांदा आवाज चढवला.

आणि मग आला तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा कोटा. हा कोटा माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो. इतके दात काढायचे, इतक्या दाढा भरायच्या, इतक्या कवळ्या बसवायच्या, आणि कवळीचा पेशंट म्हणजे बोळकं झालेला माणूस. बोळकी पुष्कळ असतात. पण कवळी धरून ठेवणारी, हिरड्यांचा उंचवटा शाबूत असलेली फार थोडी. तसे आजोबा सापडले की विद्यार्थी त्यांच्यासाठी रिक्षा करतात, त्यांना चहा पाजतात, परीक्षेच्या दिवशी ते पंढरपूरला निघू नयेत म्हणून आदल्या संध्याकाळी घरी जाऊन येतात. आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांवर दोन कॉलेजांचा डोळा होता. दंतपिता रोज संध्याकाळी त्यांच्याशी पत्ते खेळायचा आणि मुद्दाम हरायचा. आजोबा हुशार. परीक्षा तोंडावर येईपर्यंत त्यांनी कुणालाच शब्द दिला नाही. तोवर दोन्हीकडची केळी येत राहिली. शेवटी कवळी झाली ती दंतपित्याच्या लेकीच्या हातची. ती घालून त्यांनी पहिला घास घेतला चिक्कीचा. "तीन दिवस मऊ खायचं," असं ती सांगेपर्यंत अर्धी वडी संपली होती.

आता मुलगी इंटर्न आहे. चार वर्षं झाली, हे पाचवं. पुढं एमडीएसची तीन वर्षं, त्यासाठी वेगळी नीट. दात सरळ करायचे की मुळात शिरायचं, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. "बाबा, आधी मला जरा झोपू दे," एवढंच म्हणते. दंतपिता तिला झोपू देतो आणि तळमजल्याचे गाळे बघत हिंडतो. गाळ्याचा मालक तोंडात तंबाखू घेऊन बोलला तर याचा चेहरा उजळतो.

सोसायटीत बारावीचं पोर असलेलं प्रत्येक घर आता जूनमध्ये त्याच्याकडे जातं. कटऑफ, राउंड, कुठलं कॉलेज वर टाकायचं, सगळं तो समजावून देतो. पैसे घेत नाही. फक्त फाइल उघडण्याआधी चष्मा चढवून खिशातला टॉर्च काढतो. परवा मी पुतण्याला घेऊन गेलो होतो. पुतण्याला त्यानं सोफ्यावर बसवलं आणि मला म्हणाला, "तुम्ही इकडे उजेडात या. आ करा. अरे वा, अक्कलदाढ आडवी आहे! सोमवारी रिकामे आहात?"