कितव्या पायरीवरनं?

चाळीच्या जिन्यावरून मी गडगडत खाली आलो तेव्हा सात वर्षांचा होतो. गुडघा फुटला, ओठ फाटला आणि दुधाची किटली माझ्या आधी तळमजल्याला पोचली. आवाज ऐकून सगळा मजला गॅलरीत आला. कुणी हळद आणली, कुणी आईला हाका मारल्या, कुणी किटली उचलून दूध किती वाचलं ते पाहिलं. आप्पा तेवढे जिना उतरून माझ्याजवळ उकिडवे बसले. माझी हनुवटी वर केली आणि फार मायेनं विचारलं, "कितव्या पायरीवरनं पडलास, बाळा?"

मी हुंदके देत म्हणालो, "सातव्या."

"वरनं का खालनं?"

त्या रात्री मटक्याच्या ओपनला दोन आला. सकाळी नळावर आप्पा रांगेतल्या सगळ्यांना समजावून सांगत होते. सातचा कट, म्हणजे पाचाच्या अंतरावरचा आकडा, दोन. पोरगं सातवर पडलं म्हणजे सात पडला. मग उठणार कोण? दोन! "पोरानं बराबर सांगितलं हुतं. माझंच ध्यान न्हवतं." आप्पांनी सातवर रुपया लावला होता, तो बुडाला. त्याचं दुःख त्यांच्या तोंडावर शोधून सापडलं नसतं. शास्त्र खरं ठरलं होतं, एवढ्यावर ते खूश होते. रांग संपल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "आज कुठं जानार हैस?"

लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी या पट्ट्यात असा एक आप्पा प्रत्येक चाळीत असायचा. मी इथं दोन-तीन आप्पांचा मिळून एक केला आहे. मटक्यात तरी दुसरं काय करतात? तीन पानांची बेरीज करून एकच आकडा काढतात.

ज्यांचा जन्म ऑनलाइन रमीच्या जमान्यातला, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडता भाव आणि बंद होतानाचा भाव तारेनं मुंबईत यायचा, आणि त्याच्या आकड्यांवर लोक पैज लावायचे. १९६१ च्या सुमारास ते भाव यायचे थांबले. पैज थांबवायची कुणाचीच तयारी नव्हती. मग चिठ्ठ्यांवर आकडे लिहून मडक्यात टाकायचे आणि हात घालून काढायचे असं सुरू झालं. १९६२ साली कल्याणजी भगत यांचा मटका निघाला, १९६४ साली रतन खत्री यांचा. कल्याण मटक्यातलं कल्याण म्हणजे भगतांचं नाव, रेल्वे स्टेशन नव्हे, हे आप्पा नव्या माणसाला आधी सांगत आणि मगच बोलू देत. पुढं मडकंही गेलं आणि पत्ते आले. चित्रं बाजूला काढून उरलेल्या पानांतली तीन ओढायची, ती पत्ती. तीन, पाच, नऊ आले तर बेरीज सतरा, तिच्या शेवटचा सात हा ओपन. रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज, दोन्ही मिळून जोडी. उघडता भाव आणि बंद भाव ही कापसाची भाषा तेवढी राहिली. दिवसभर साचेखात्यात कापसाची धूळ गिळणारा माणूस रात्री त्याच कापसाच्या भुतावर चार आणे लावायचा, हे आज विचित्र वाटतं. तेव्हा कुणाला वाटत नव्हतं.

आप्पा साताऱ्याकडचे. गिरणीत चार साचे सांभाळायचे. घरात त्यांच्या मालकीच्या म्हणाव्यात अशा दोनच वस्तू होत्या, एक पत्र्याची ट्रंक आणि एक लांबट वही. वहीत रोजचा ओपन, क्लोज, जोडी आणि पत्ती. आठवड्याची एक आडवी ओळ, महिन्याची एक पट्टी. हा त्यांचा चार्ट. लाल पेन्सिलीनं तिरक्या रेघा मारून त्यांनी आकड्यांची नाती जुळवली होती. सोयरीक जुळवणाऱ्यालाही इतकी चौकशी करावी लागत नसेल. तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारचा सहा या शुक्रवारी कुणाच्या पोटी येणार, हे ते बोट ठेवून दाखवत. तो आला नाही तर पुढच्या दिवशी का आला नाही तेही दाखवत. हे दुसरं दाखवणं जास्त रंगायचं. आप्पांचा आकडा कधी चुकला नाही, आलेला आकडा चुकायचा.

वहीच्या मागच्या बाजूला स्वप्नांचा खुलासा होता. साप दिसला तर एक, कारण सरळ. वेटोळं घालून बसला असेल तर शून्य. फणा काढला तर नऊ. मेलेलं माणूस स्वप्नात आलं आणि बोललं तर त्याचे शब्द मोजायचे, नुसतं जेवून गेलं तर सोडून द्यायचं. अडचण एवढीच, की आप्पांना स्वप्नं पडत नसत. साच्यांचा खडखडाट आठ तास कानात घेतलेला माणूस पडला की सकाळच्या भोंग्यालाच उठायचा. स्वप्नं पडत त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना.

आणि काकू फुकट सांगत नसत. साध्या स्वप्नाला चार आणे. पाणी, विहीर, पूर असं काही असलं तर आठ आणे. सापाला रुपया. "जीव माझा घाबरा हुतो, पैसं तुमी मिळवनार व्हय?" हा त्यांचा रोकडा सवाल होता. बुधवारच्या बाजाराला पैसे कमी पडले की मंगळवारी रात्री हमखास साप यायचा. सबंध चाळीत मटक्यावर नियमानं फायदा काढणारं माणूस एकच होतं, आणि त्यानं आयुष्यात कधी आकडा लावला नाही.

बाकी मंडळीही एकेक होती. एक सलूनवाला गिऱ्हाइकाच्या डोक्यावर किती भोवरे आहेत ते बघून पत्ती सांगायचा. एक हवालदार मटक्याच्या टपरीवर हप्त्याचं काय ते बघायला यायचा आणि जाताना खालच्या आवाजात विचारायचा, "काय आला?" जुगाराला बंदी करणारा मुंबईचा कायदा १८८७ सालचा, म्हणजे मटक्यापेक्षा पाऊणशे वर्षांनी वडीलधारा. वडीलधाऱ्यांना असतो तेवढा मान त्याला होता. लोक त्याच्यासमोर चिठ्ठी लपवायचे. एक मुका-मुका गृहस्थ रोज रात्री पावणेनऊला इराण्याच्या दारात येऊन उभा राहायचा. आत फोन वाजायचा, आकडा बाहेर यायचा, गृहस्थ मान हलवून निघून जायचा. तो लावतो किती, जिंकतो का, कुणालाच कळलं नाही. आप्पा म्हणायचे, "त्यो मोठा मानूस हाय. त्यो बोलत न्हाई."

शाळेतले गणिताचे एक मास्तर मात्र बोलायचे. एका रविवारी त्यांनी गॅलरीतल्या फळ्यावर खडूनं सिद्ध करून दाखवलं. आकडे दहा, भाव रुपयाला नऊ. जोड्या शंभर, भाव नव्वद. म्हणजे तुम्ही कसंही खेळा, लांबच्या हिशेबात दर दहा रुपयांतला एक पेढीवाल्याचा. पत्त्या एकूण दोनशे वीस, त्यातल्या प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बावीस. कोणताही आकडा लाडका नाही, आणि तुमच्या चार्टला पान ओळखत नाही. सगळे गप्प झाले. आप्पांनी फळा नीट वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं गणित एकदम बराबर हाय. पर त्ये धाच्या धा आकड्यांचं हाय. मी एकच लावतो."

मास्तर दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी चार आणे लावले.

हे सगळं आठवताना हसू येतं, कारण मी तेव्हा लहान होतो आणि पगार माझा नव्हता. पगाराच्या संध्याकाळी गिरणीच्या फाटकाशी बायका उभ्या असायच्या, त्या नवऱ्याला आणायला आल्या होत्या असं मला बरीच वर्षं वाटत होतं. त्या पाकीट आणायला आलेल्या असत. आमच्याच मजल्यावरच्या एकानं सायकल, मग घड्याळ, मग गावाकडचा बैल अशा क्रमानं लावलं. त्याच्याकडंही चार्ट होता. आप्पांचं रुपयावर भागायचं, ते त्यांच्या शहाणपणामुळं की काकूंच्या दरपत्रकामुळं, सांगता येत नाही.

आप्पांची जोडी एकदा लागली. ती कथा त्यांनी कधी सांगितली नाही, म्हणून मला सांगितली पाहिजे. सहा आठवड्यांच्या अभ्यासानं त्यांनी एकोणसत्तरची जोडी काढली होती. वहीत सगळ्या रेघा तिथं येऊन मिळत होत्या. टपरीवर जाऊन त्यांनी रुपया दिला आणि म्हणाले, "एकोणसत्तर." नेमकी त्याच वेळी समोरून डबलडेकर गेली. रायटरनं चिठ्ठीवर एकोणसाठ लिहिलं. आप्पांनी चिठ्ठी न बघता बंडीच्या खिशात घातली. रात्री नऊला पाच आला. आप्पांनी वही मिटली. बाराला नऊ आला. साडेबाराला रायटर स्वतः जिना चढून वर आला, कारण एवढ्या वर्षांत आप्पांना पैसे द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

नव्वद रुपये! मजला जागा झाला. कुणी चहा टाकला. आप्पा चटईवर बसले होते, चिठ्ठी दिव्याजवळ धरून. "मी हे म्हटलंच न्हवतं," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. लोकांना वाटलं, आनंदानं बावरले आहेत. दुसऱ्या दिवशी ते रायटरकडं नव्वद रुपये परत करायला निघाले होते. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्याच संध्याकाळी घरात स्टीलची सहा ताटं आली. काकूंनी प्रत्येकाच्या काठावर नाव घालायच्या ऐवजी ५९ कोरून घेतलं. आप्पा मरेपर्यंत जेवले ते जुन्या जर्मनच्या ताटलीत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांचे साचे पुन्हा सुरू झालेच नाहीत. ती तारीख चाळीत सगळ्यांना पाठ होती. आप्पांनी तिची बेरीज केल्याचं मी ऐकलं नाही. ते वर्षभर गावी राहिले, मग परत येऊन एका इमारतीचे वॉचमन झाले. येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत टिपायचे, यासाठी त्यांना पगार मिळायचा. हे त्यांना फार आवडलं.

आप्पांनी पंच्याहत्तरी ओलांडल्यावर मी त्यांना गोव्याला नेलं. काकू तोवर वारल्या होत्या. देवळं झाली, समुद्र झाला. पणजीला मांडवीच्या पाण्यात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी बघून त्यांनी विचारलं, "हितं काय चालतं?" मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "आन् वर दिवं लावून?"

आत गेलो. तिकिटात जेवण धरलेलं होतं, त्यामुळं आप्पांनी आधी पनीर बघून घेतलं. मग रुलेटच्या टेबलाशी उभे राहिले. चाक फिरतं, गोळी पळते, थांबते. मी भाव समजावून सांगितला. शून्य धरून सदतीस घरं. एका आकड्याला पस्तीस मिळतात आणि आपली चिप परत, म्हणजे छत्तीस.

"सदतिसात छत्तीस?" आप्पांनी वर झुंबराकडं बघितलं, खाली गालिच्याकडं बघितलं. "आपला धातला एक खायचा. ह्यो सदतिसातला एकच खातो. मग ह्याचं भागतं कसं?"

मी म्हणालो, "आप्पा, इथं रात्रीचे दोनच आकडे येत नाहीत. मिनिटा-दोन मिनिटाला येतो."

आप्पा चरकले. नऊ ते बारा हे तीन तास त्यांच्या डोळ्यांपुढं आले असावेत. ओपन येऊन गेलाय, क्लोज यायचाय, अर्धी जोडी खिशात आहे, गॅलरीत विड्या पेटलेल्या आहेत आणि सकाळी सातची पाळी आहे हे सगळे विसरलेत. "मग मानसानं इचार कवा करायचा?" ते म्हणाले. टेबलाभोवतीची मुलं खरंच विचार करत नव्हती. चिपा सरकवत होती, फोन बघत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आप्पा कंटाळून वळले, आणि वळताना त्यांना चाकाशेजारचा उंच फलक दिसला. त्यावर आतापर्यंत आलेले आकडे एकाखाली एक, लाल आणि काळे, उजळत होते.

"आरं," आप्पा म्हणाले, "चार्ट हाय की!"

मी त्यांना तिथं सोडून जेवायला गेलो. अर्ध्या तासानं आलो तर आप्पा खुर्चीवर बसले होते. कागदी रुमालावर रेघा मारल्या होत्या. त्यांच्या शेजारी सुटातला, दिल्लीकडचा असावा असा एक जाडजूड गृहस्थ स्वतःची छोटी डायरी उघडून, मान खाली घालून लिहून घेत होता. मागं आणखी तिघं उभे होते. आप्पा आपल्या गिरणीतल्या हिंदीत कट समजावत होते. सतरा मतलब एक और सात, आठ, आठ का कट तीन. लावला त्यांच्यापैकी कुणीच नव्हता. गोळी थांबली की सगळे फलकाकडं बघायचे, मग आप्पांकडं, आणि आप्पा तो आकडा का आला ते सांगायचे.

मला पाहून त्यांनी हात केला. "ये लडका," ते त्या गृहस्थाला म्हणाले, "बचपन में सातवी पायरी से गिरा था."

गृहस्थानं डायरीतून मान वर केली. माझ्याकडं आदरानं पाहिलं.

"ऊपर से," त्यानं विचारलं, "या नीचे से?"