पाव्हणं, गाडी गार होऊ द्या

(रंगमंचावर एक खुर्ची. तीच गाडी. नट खिशातून फ्रीजवरचं चुंबक काढतो, प्रेक्षकांना दाखवतो.)

मुलुंडच्या एका गृहस्थांना प्रीमियर पद्मिनी हवी होती. ही गाडी बनायची कुर्ल्यात. आणि गृहस्थ कुर्ल्यालाच कोइमतूर एक्स्प्रेसमध्ये बसले, ती बघायला!

कारण मुंबईची खारी हवा पत्रा खाते. कोइमतूर पर्जन्यछायेतलं, तिथं पत्रा टिकतो, असं मालक फोनवर म्हणाला. मालक विट्याचा, गलाईवाला. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात खानापूर-आटपाडीकडची मंडळी देशभर पांगलीत, तामिळनाडूतही मुरलीत. हे काका त्यांतलेच. बोली मात्र जशीच्या तशी.

(खुर्चीमागे जाऊन) "या पाव्हणं! गाडी न्हवं, सोनं हाय सोनं!"

पाहुण्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. (हात झटकतो.) गरम!

"काका, गाडी आत्ता फिरवून आणलीत?"

"छ्या! उनानं तापलीया."

सकाळचे सात वाजले होते.

जुनी गाडी बघायची तर इंजिन गार पाहिजे. तापलेलं इंजिन कुणाचंही एका सेल्फमध्ये सुरू होतं. गार असताना चोक ओढला की खरं काय ते कळतं: किती कुरकुरतं, पहिला धूर कसला. निळा असेल तर इंजिन ऑइल पितंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केट. पाहुणे म्हणाले, "गार होऊ द्या, थांबतो." काकांचा चेहराच आधी गार झाला.

तोवर चुंबक. छतावर टप्पकन बसलं. दाराच्या वरच्या भागावर बसलं. दाराच्या खालच्या कडेला लावलं... (चुंबक सोडतो, ते पडतं.) पुन्हा लावलं. (पुन्हा पडतं.) तिथं पत्रा उरलाच नव्हता, बोटभर लांबी भरून वरून झकास रंग मारला होता.

"मुंबईचं चुंबक हितं चालायचं न्हाई," काका म्हणाले.

पाहुण्यांनी आत बसून हँड गिअर चारही टाकून बघितले. गिअर मात्र लोण्यासारखे पडत होते. मग पायाखालचं मॅटिंग उचललं. खाली अंगण दिसलं. एक कोंबडी वर बघत होती.

"वारं येतंय की न्हाई? त्या काळात येशी कुठं हुता?"

मग वर्ष. "1968 चं मॉडेल! विंटेज!" आता 2021 च्या नियमानं 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, त्यामुळे गाड्यांची वयं एकाएकी वाढायला लागलीत. बायकांच्या उलट. पण डिकीवर अक्षरं होती 'पद्मिनी'. कुर्ल्याची ही गाडी 1964 पासून फियाट 1100 डिलाइट होती, 1972 ला प्रीमियर प्रेसिडेंट झाली, आणि पद्मिनी हे नाव लागलं 1974 ला. 1968 साली हिचं बारसंच झालं नव्हतं!

पाहुण्यांनी रॉकेलच्या फडक्यानं चॅसिस नंबर पुसला आणि आरसी बुकाशी एकेक आकडा ताडून पाहिला. जुळला. बुकात वर्ष 1984. इंजिन नंबर ताडला. पहिल्याच आकड्याला काकांना खोकला आला.

"इंजिन बदललंय?"

"बदललंय कशाला... दुसरं घातलंय."

तेवढ्यात ते गार झालं होतं. चोक ओढला, सेल्फ मारला, निळ्या धुराचा एक झुरका आला आणि गेला. मग इंजिन असं शांत चाललं की पाहुणे विरघळलेच! व्हॉल्व्ह सील गेले असणार, ते बदलता येतात. पत्राही बसवता येतो. पण नोंदीत नसलेल्या इंजिनाची गाडी मुंबईत नावावर व्हायची नाही. म्हणून आधी आरसीवर इंजिनाची नोंद, मग इथल्या आरटीओकडून नमुना 28 ची एनओसी, त्यानंतर पैसे. पाहुण्यांनी पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर मांडी घातली.

काकांनी आत हाक मारली, "आगं, पाव्हण्यांचं ताट वाढ. आन् हातरुनबी काढून ठिव, आज आरटीओला सुट्टी हाय!"

(पडदा)