पाचवी रांग, कडेची खुर्ची

पुण्यात नाटकाला जाणारे पुष्कळ आहेत. नाटकाचं तिकीट काढायला जाणारे वेगळे. हे दुसरे काका बहुधा कोथरूडात किंवा सहकारनगरात राहतात, निवृत्त असतात आणि बालगंधर्वची खिडकी उघडायच्या आधी तिथे पोहोचलेले असतात. ऑनलाइन तिकीट त्यांना चालत नाही. वरचे पैसे पडतात म्हणून नव्हे (असं ते सांगतात), तर प्लॅन समोर घेऊन भांडता येत नाही म्हणून. "ही पाचवी रांग पासवाले सोडून पाचवी, की मुळातली पाचवी?" या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत मागच्यांनी काय वाटेल ते करावं. त्यांना कडेची खुर्ची लागते, पण भिंतीकडची नको, आणि एसीच्या झोताखालची तर अजिबात नको.

मुलगी दिल्लीला दिल्यामुळे हल्ली काकांना विमानाचंही तिकीट काढावं लागतं. तिथे त्यांना पहिला धक्का बसतो तो नकाशाचा. नाट्यगृहात रांगेला अक्षर आणि खुर्चीला आकडा. विमानात रांगेला आकडा आणि खुर्चीला अक्षर. काकांची जन्माची एफ १४ इथे १४ एफ होऊन थेट खिडकीला जाऊन चिकटते. शिवाय पुढच्या रांगेला जादा पैसे! "नाटकात पुढे बसलं तर नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. इथे पुढे बसून काय दिसणार? दिल्ली काय मागच्यांना उशिरा लागते?"

भावाचा तर प्रश्नच निराळा. नाटकाच्या पाचव्या रांगेतल्या सगळ्यांनी सारखेच पैसे मोजलेले असतात, मग तिकीट आठवड्यापूर्वी काढलेलं असो की तिसऱ्या घंटेला धावत येऊन. विमानात काका पट्टा बांधायच्या आधी शेजाऱ्याला विचारतात, "तुम्हाला कितीला पडलं?" शेजाऱ्याने त्यांच्या निम्म्यात मिळवलेलं असतं. मग पलीकडचा, मग पुढचे तिघे. उड्डाणाच्या आत दोन रांगांचा सर्व्हे पुरा होतो आणि सगळ्यांचाच प्रवास नासतो. अमेरिकेने १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं, तेव्हापासून ही विद्या फोफावली, असं पुतण्याने त्यांना समजावून सांगितलं: खुर्च्या कमी उरल्या की भाव चढतो. काका म्हणाले, "म्हणजे हाउसफुल झाल्यावर बाहेर ब्लॅक करणारे असतात, तसेच. फक्त इथे ते आत काउंटरवर बसतात."

बरं, तिकीट जास्तीचं झालं तर? टिळक स्मारकच्या दारात उभं राहून "एक आहे हो, पाचवी रांग!" असं म्हणायची सोय आहे, मावसभावाला ऐन वेळी ताप आला तरी कला वाया जात नाही. विमानाच्या तिकिटावर मावसभावाचं नाव छापलेलं. लोहगाव विमानतळाच्या दारावरचा जवान तिकीट बघतो, आधार कार्ड बघतो, मग चेहरा बघतो. डोअरकीपरने आजवर काकांचा चेहरा कधी बघितलेला नाही, आणि अंधारात बॅटरीही नीट दाखवलेली नाही. पण ती तक्रार वेगळी.

काकांचं मतपरिवर्तन झालं ते एकाच बाबतीत. काही लोक येत नाहीत हे धरून विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकू शकतात, हे ऐकून आधी ते हादरले. एकच एफ १४ दोघांना? बालगंधर्वमध्ये असं झालं असतं तर महापालिकेवर मोर्चा गेला असता. पण मग त्यांनी भरपाईचा नियम वाचला. वेळेवर हजर असलेल्या प्रवाशाला जागा नाकारली आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर चोवीस तासांपर्यंत मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. तेव्हापासून काका मुद्दाम गर्दीचं विमान निवडतात आणि काउंटरवर आशेने विचारतात, "फुल आहे ना?" अजून त्यांना कोणी उतरवलेलं नाही. काही माणसांचं नशीबच नसतं.

२०२५च्या जानेवारीत नवी मुंबईला कोल्डप्ले येणार होतं, तेव्हा नातीच्या मोबाइलवर तिच्यापुढे काही लाख लोक रांगेत दिसत होते. काकांनी चष्मा पुसून विचारलं, "यातले पासवाले किती?" गाण्याची तिकिटंही आता विमानासारखी टप्प्याटप्प्याने महाग होत जातात, हे कळल्यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते. त्यांना भीती सवाई गंधर्व महोत्सवाची. उद्या भारतीय बैठकीलाही पाय पसरायचे वेगळे पैसे लावले तर?

एवढं असून विमानात बसल्यावर काका प्रेक्षकच राहतात. सुरक्षेच्या सूचनांचा प्रयोग अख्ख्या विमानात ते एकटे मन लावून पाहतात आणि हळूच अभिप्राय देतात, "पाठांतर चोख, पण पाट्या टाकतायत." मध्यंतर नाही, बटाटेवडा नाही, याची नोंद ते प्रत्येक वेळी नव्याने घेतात. एकदा विमान धावपट्टीच्या तोंडाशी बराच वेळ खोळंबलं. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तेव्हा थांबणं आलंच. पण पडदा उघडायला उशीर झाला की पुणेकर जे करतो ते काकांनी केलं. एका लयीत टाळ्या वाजवायला लागले. मागच्या तीन-चार रांगांतल्या पुणेकरांनी लगेच ठेका धरला. हवाईसुंदरी धावत आली. कोणाला बरं वाटत नाहीये का, असं तिने विचारलं.

परतीच्या प्रवासात मात्र कमाल झाली. विमान पुण्यात उतरता उतरता, चाकं टेकायच्या बेतात असताना, एकदम घरघर करत पुन्हा वर चढलं. सगळे चिडीचूप. कोणी देव आठवत होतं, कोणी बायकोचा हात शोधत होतं. काकांनी मान वळवून मागच्या रांगांकडे रागाने पाहिलं.

"वन्स मोअर कोणी दिला?"