कुंपणापलीकडचा बायोडाटा

"काय वहिनी, परवा सकाळी रडारड कायची चालली होती तुमच्याकडं? मी म्हटलं, कोणी गेलं का काय!"

"माणूस नाही बाप्पा, ईमेल गेला. या ना अशा कुंपणाशी, मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही."

"थांबा, मेथी इथंच आणते. बोलता बोलता निवडून होईन."

"आमच्या मोठीचं माहीत आहे न तुम्हाले? आनंदवनातल्या कृषी कॉलेजात बी.एस्सी., मग अकोल्याले एम.एस्सी. आता अमेरिकेत पीएच.डी. करतो म्हणते, बोंडअळीवर. 2017 साली कापूस कसा गेला आपला! बोंड फोडलं का आत गुलाबी अळी. तवापासून तिच्या डोक्यात तेच. अन् तिकडं म्हणे बीटी लावून, विमानातून वांझ पतंग सोडून त्यायनं ती अळी संपवली. 2018 साली तसं जाहीरबी केलं."

"मंग शिकू द्या की."

"शिकूच देऊन राहिलो. डिसेंबरात तिकडचे बरेच अर्ज बंद होतेत, अन् पगार बहुतेक प्रोफेसरच्या प्रोजेक्टातूनच निघते, म्हणून आधी त्यालेच धरावं लागते. रात्री बसून एकाले लिहिलं, बायोडाटा जोडला, पाठवला. आता ताई, आमच्या लॅपटॉपवर 'बायोडाटा फायनल' दोन. एक तिचा. दुसरा मी स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतलेला."

"अगं बाई! लग्नाचा?"

"हाव! वर गणपती, बाजूले शालूतला फोटो. रास, नाडी, मामाचं गाव. शेती 6 एकर, कापूस. अपेक्षा, मुलगा निर्व्यसनी."

"किती वयाचा आहे हो प्रोफेसर?"

"साठीचा असंल! तुमचं काहीतरीच."

"परत नाही बोलावता येत?"

"धाकटा म्हणे, जीमेलमधी येते. पण ते बटन पाच सेकंद राहते, सेटिंगमधी वाढवलं तरी तीसच. हिले कळलं सकाळी. यायनं दोन पानी माफीनामा लिहाले घेतला, गरीब शेतकऱ्याची लेक, पदरात घ्या, असलं. मी म्हटलं, माझ्यावर ढकल, आईनं घोळ केला म्हण. तिनं कोणाचंच ऐकलं नाही. तोंड धुतलं अन् त्याच मेलखाली दोन ओळी लिहिल्या. काल चुकीची फाईल गेली, क्षमस्व. बरोबर फाईल सोबत जोडली आहे. बस! मले तं कोरडंच वाटलं बाई. ती म्हणे, मी पानभर रडली तं त्याले माझं काम नाही, रडणंच ध्यानात राहीन."

"पोरगी हुशार आहे. माझ्या हातानं असं झालं असतं तं मी दहा मेल केले असते."

"मी तं वर फोनबी लावला असता!"

"मंग? आलं काही उत्तर?"

"काल रात्री आलं. बरोबर फाईल वाचली म्हणे, पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर बोलू. अन् खाली विचारलं, घरच्या 6 एकरात बोंडअळीवर काय फवारता?"

"अव्वा! त्याले मराठी कसं कळलं?"

"त्याच्या लॅबमधी एक पोरगा आहे, यवतमाळकडचा. त्यानं वाचून दाखवलं."

"सगळं?"

"अपेक्षेसकट."

"निर्व्यसनी आहे का हो तो?"

"मी तेच विचारलं, तं पोट्टी अंगावर धावून आली न माझ्या!"