पीपी

रोटरी क्लबाचं अध्यक्षपद १ जुलैला मिळतं आणि पुढच्या ३० जूनला जातं. माजी अध्यक्षपद मात्र तहहयात. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही जुन्या क्लबात विद्यमान अध्यक्ष एक आणि 'पास्ट प्रेसिडेंट' ऊर्फ पीपी पंचवीस-तीस, असं प्रमाण पडतं. त्यांतला एखादाच अस्सल असतो. गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान असतं, गल्ल्यावर बसून तो खिळे आणि चुका तोलत असतो, उधारीवाल्याला नावानिशी हाका मारत असतो. वर्षातले तीनशेबासष्ट दिवस हा तुमच्याआमच्यासारखा गृहस्थ. उरलेले तीन दिवस प्रांतीय परिषदेचे.

परिषद साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, महाबळेश्वरला नाही तर गोव्याला. गोव्याला असली की नोंदणी आपोआप वाढते. सेवाभावाला समुद्राची हवा मानवते. पीपींचा नेव्ही ब्लू ब्लेझर आठवडाभर आधी धोब्याकडून येतो. तो अध्यक्षपदाच्या वर्षी शिवलेला, त्यामुळे आता त्याचं बटण लागत नाही. पण पीपींना कर्तव्य आहे ते कॉलरशी. तिथे रोटरीचं चाक, शेजारी माजी अध्यक्षाची पिन आणि त्याशेजारी पॉल हॅरिस फेलोची. रोटरी फाउंडेशनला एक हजार डॉलर दिले की हा मान मिळतो. पीपींनी ते दिले तेव्हा डॉलर केवढ्याला होता हे ते सांगतात, आणि ऐकणाऱ्याला 'स्वस्तात दिले' असं न वाटता 'आधी दिले' असं वाटावं, अशा बेताने सांगतात.

नोंदणीच्या टेबलावर किट मिळतं. पिशवी, डायरी, पेन, पाण्याची बाटली आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. पीपी पिशवीकडे बघतही नाहीत. आधी ओळखपत्र.

"बेटा, नावाआधी पीपी राहिलंय."

"काका, क्लबाकडून यादीच तशी आलीय."

"तुझा दोष नाही. पेन दे."

आणि तिथेच, मागची रांग थोपवून, ते छापील नावाच्या डावीकडे दोन ठसठशीत अक्षरं काढतात. शाई वाळेपर्यंत फुंकर घालतात. मग ओळखपत्र गळ्यात. तेवढ्यात वहिनी दोघांच्या पिशव्या उचलून, चहा कुठे आहे त्याचा शोध लावून आलेल्या असतात.

उद्घाटन हा पीपींचा खरा प्रांत. व्यासपीठावर प्रांतपाल, जागतिक अध्यक्षांचे प्रतिनिधी, माजी प्रांतपाल, भावी प्रांतपाल आणि त्यांच्याही पुढच्या वर्षीचे ठरलेले प्रांतपाल. कोणाचं नाव कोणाच्या आधी घ्यायचं हा राजशिष्टाचार पीपींना तोंडपाठ असतो. सूत्रसंचालकाने एखाद्या माजी प्रांतपालांचं नाव एक जागा खाली घेतलं की तिसऱ्या रांगेतून पीपींचा 'च्च' ऐकू येतो. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला यंदा मोठी कामगिरी आहे. प्रमुख पाहुण्यांचा परिचय ज्यांनी करून द्यायचा, त्यांचा परिचय पीपी करून देणार आहेत. वेळ दोन मिनिटं. सहा मिनिटांनी ते 'शेवटचा मुद्दा' म्हणतात आणि तो खरंच शेवटचा नसतो.

या सगळ्या थाटाचं मूळ फार साधं आहे. २३ फेब्रुवारी १९०५ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील तीन मित्रांसह एका मित्राच्या कचेरीत बसला, एवढंच झालं. चारांपैकी प्रमुख पाहुणे कोण होते, हार कोणी घातले, आभार कोणी मानले, याची नोंद नाही. पहिला अध्यक्षही हॅरिस नव्हता. कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शील होता. हॅरिसची पाळी १९०७ साली आली. पीपींना हा तपशील आवडत नाही. संस्थापकाने दोन वर्षं व्यासपीठाखाली काढावीत हे त्यांना पटत नाही. त्यापेक्षा त्यांना वापीचं उदाहरण जवळचं. वापीचे कल्याण बॅनर्जी २०११-१२मध्ये जागतिक अध्यक्ष झाले, तेव्हापासून, वापी तर आपल्या पालघरच्या पलीकडेच, असं पीपी नकाशावर बोट ठेवून सांगतात.

दुपारी अहवाल. त्याआधी चतुःसूत्री म्हणायची. आपण जे बोलतो ते सत्य आहे का, हा तिच्यातला पहिलाच प्रश्न. हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थाने १९३२मध्ये दिवाळखोरीला टेकलेली भांड्यांची कंपनी सावरताना ही सूत्रं लिहिली. पीपी ती छातीवर हात ठेवून म्हणतात आणि मग लाभार्थींचा तक्ता वाचतात. शाळेला पाण्याची टाकी दिली, तर लाभार्थी विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि पोषण आहाराच्या बाई. झाडं लावली की मग आकड्याला बांध राहत नाही. श्वास घेणारा प्रत्येकजण लाभार्थी.

रात्रीच्या कार्यक्रमाला पत्रिकेत 'फेलोशिप' म्हणतात. तिच्याबद्दल इतकंच की दुसऱ्या दिवशीचं पहिलं सत्र अर्धं रिकामं असतं आणि पीपी मात्र त्यात पहिल्या रांगेत असतात.

ही सगळी टिंगल खरी असली तरी पल्स पोलिओच्या रविवारी याच माणसाबरोबर फिरून बघा. ब्लेझर घरी. सकाळी एसटी स्टँडवरचं बूथ, मग पुढचे दिवस आशाताईंच्या मागे वीटभट्ट्या आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्या. लशीची कुपी ते उजेडात धरतात. वर्तुळातला चौकोन भोवतालच्या कडेपेक्षा फिका आहे ना, हे डोळे बारीक करून दोनदा बघतात. पोर रडायला लागलं की त्याचे गाल दाबून दोन थेंब असे अचूक सोडतात की खिळे तोलणारा हात कळावा. डाव्या करंगळीला शाई लावतात, आणि आईला 'पुढच्या खेपेलाही आणा' सांगताना आवाज चढवत नाहीत. भारतातला वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ला प्रमाणपत्र आलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा रविवार मोकळा झाला, पीपींचा नाही. अर्थात, बॅनर लागून फोटोग्राफर येईपर्यंत पहिलं बाळ थांबवून धरतात, हेही खरं.

समारोपाच्या दिवशीच पुढच्या वर्षीच्या परिषदेची नोंदणी सुरू होते आणि त्या दिवशी पैसे भरणाऱ्याला सवलत असते. पहिली पावती पीपींची. दुसरी ते माझ्या नावाने फाडतात, मला न विचारता, आणि ते पैसे त्यांनी कधी मागितलेले नाहीत.